जुलैची बैठक (पुणे): पावसाळी हवा, डेकल्स आणि मिग-२१

किटबाज | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, आपल्या प्लास्टिक मॉडेल क्लबची जुलैची बैठक तिसऱ्या रविवारी, सकाळी दहा ते पाच, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्येच. विषय मिग-२१. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला निवृत्त झालं, आणि तेव्हापासून ज्याच्या त्याच्या कपाटातून मिगचं एक तरी किट डोकावतंय. स्केल (खऱ्यापेक्षा किती पट लहान ते) कुठलंही, प्रकार कुठलाही.

टेबलं आठ, एकावर दोघे. कटिंग मॅट (ए४ पुरे), नवीन पातं घातलेला सुरा, निप्पर, चिमटा आणि दिवा ज्याचा त्याने आणायचा. एक्स्टेन्शन बोर्ड तीन आहेत, सहा अँपिअरचे. छोटा कंप्रेसर साधारण दीडशे वॅट खातो, एलईडी दिवे तर काहीच नाही, म्हणून भागतं. हेअर ड्रायर मात्र आणू नका. बाराशे वॅटचा ड्रायर एकटाच पाच अँपिअरच्या वर जातो, शेजारी कंप्रेसर सुरू झाला की बोर्ड गेलाच.

या वेळी एक बदल सुचवतोय: लॅकरची (उग्र थिनरवाल्या, भराभर वाळणाऱ्या रंगाची) फवारणी पूर्ण बंद. घरून ग्लॉस (चकचकीत वार्निश) मारून, वाळवून मॉडेल आणा. बैठकीत फक्त डेकल्स (पाण्यात भिजवून लावायच्या छापील खुणा) आणि जुळवणी. हरकती असतील तर इथेच मांडा, रविवारी दारात नको.

डबल_अॅक्शन | सोमवार, रात्री १०:१५

हरकत आहे. फवारणीचा बूथ आहे, एक्झॉस्ट पंखा आहे, मग बंदी कशाला? अर्ध्या लोकांकडे घरी कंप्रेसर नाही, त्यांचं रंगकाम बैठकीतच होतं. लेव्हलिंग थिनर वापरला, दाब जरा कमी ठेवला, की लॅकर पावसातही बसतं. हॉलला एसी आहे, ड्राय मोडवर टाका.

दमट_हवा | सोमवार, रात्री ११:०५

डबलभाऊ, थोडं गणित. हवा २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २४ च्या वर असतो. म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग जेमतेम तीन अंश थंड झाला की त्यावर पाणी धरायला लागतं. लॅकरचा थिनर भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभाग गार करतो, तीन अंश तर सहज. ते पाणी ओल्या थरात अडकलं की ग्लॉसवर दुधाळ झाक येते. आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १६ च्या आसपास राहतो, अकरा अंशांची मोकळीक मिळते. जानेवारीत जे रंग मुकाट बसतात ते जुलैत का रुसतात, त्याचं कारण एवढंच.

लेव्हलिंग थिनरमध्ये रिटार्डर असतो, तो उडण्याचा वेग कमी करतो, म्हणून फायदा होतो हे मान्य. पण रिटार्डरने थर जास्त वेळ ओला राहतो, आणि सोळा माणसांच्या हॉलमध्ये ओल्या ग्लॉसवर काय काय येऊन बसतं ते सांगायला नको.

एसीचं म्हणाल तर एसी आणि बूथ एकत्र चालत नाहीत. बूथचा पंखा आतली कोरडी हवा बाहेर फेकतो, तेवढीच बाहेरची ओली हवा दाराखालून, खिडकीच्या फटीतून आत ओढली जाते. बूथ चालू केला की आर्द्रतामापक चढताना दिसतो. आणि बूथ बंद ठेवून एसीच्या बंद खोलीत लॅकर मारणं हा तर वेडेपणा. एसी वाफ बाहेर टाकत नाही, तीच फिरवतो.

दुधाळपणा आलाच तर घासत बसू नका. हवा कोरडी असेल त्या दिवशी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा अगदी हलका फवारा, लांबून, मारायचा. वरचा थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं, झाक बहुतेक वेळा जाते. मॅट वार्निशवर आलेली पांढरी भुकटी हा वेगळा आजार. तिथे बाटली नीट न हलवल्याने मॅट करणारी पूड एकाच जागी जमते. त्यावर ग्लॉसचा एक हात दिला की पांढरं दिसेनासं होतं, मग नव्याने मॅट.

डबल_अॅक्शन | मंगळवार, सकाळी ८:३०

बरं, बूथ-एसीचा मुद्दा पटला. पण सरसकट बंदीऐवजी आकडा ठरवा. मापक ७० च्या खाली असेल तर लॅकर, वर गेला की फक्त अॅक्रिलिक.

आणि मापक आधी तपासा, स्वस्तातले डिजिटल मापक पाच-सात टक्के सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक एका झिपलॉक पिशवीत रात्रभर बंद ठेवायचं. सकाळी ७५ दिसायला हवं. ८० दिसलं तर तुमचा मापक पाच जास्त दाखवतो.

कंप्रेसर आणणाऱ्यांनी टाकीखालचा नळ उघडून पाणी काढून आणा. वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा) कंप्रेसरच्या तोंडाशी लावू नका. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्याच रूपात ट्रॅपमधून निघून जातं आणि पुढे नळीत गार होऊन थेंब होतं. दोन-तीन मीटर नळी मध्ये सोडून ट्रॅप लावा. हिरव्या रंगात अचानक गोल ठिपके पडले की रंगाला दोष देण्याआधी ट्रॅप बघायचा.

नवशिका_७२ | मंगळवार, दुपारी १:२०

एअरब्रश नसलेल्यांनी ग्लॉस कसा मारायचा? तामियाचा एक्स-२२ ग्लॉस ब्रशने चालेल का? खालचा रंगही तामिया अॅक्रिलिकच आहे. आणि डेकल्स पहिल्यांदाच लावणार आहे, कोणी क्रमाने सांगेल का?

शिवणकाम | मंगळवार, दुपारी २:०५

एक्स-२२ ब्रशने नको. त्यातला द्रावक खालचा तामिया रंग उचलतो, ब्रशबरोबर हिरवट रेघा ओढल्या जातात. व्हलेहोचं ग्लॉस वार्निश घ्या, रुंद मऊ चपटा ब्रश, दोन पातळ हात, मध्ये दोन-तीन तास. एकदा फिरवलेला ब्रश अर्धवट वाळलेल्या जागी परत फिरवायचा नाही. मग पावसाळ्यात पूर्ण दोन दिवस वाळू द्या, डब्यात झाकून. बोटाचा ठसा उठत असेल तर अजून ओलं आहे.

डेकल्सचं सुलेखाताई सांगतील, तो त्यांचा प्रांत.

सुलेखा_स्केल | मंगळवार, रात्री ९:५०

नवशिका, नीट वाच, यातलं काहीच घाईने होत नाही.

ग्लॉस कशासाठी, ते आधी. मॅट रंग भिंगाखाली खडबडीत असतो, खाचांमध्ये हवा राहते आणि डेकलच्या पारदर्शक कडेखाली चांदीसारखी चमकते. एकदा ही चांदी आली की मॅट वार्निशखालीही लपत नाही. म्हणून डेकल सपाट, चकचकीत थरावर.

पाणी डिस्टिल्ड घ्यायचं. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो, क्लबसाठी एक पुरे. बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि गडद हिरव्यावर ते लगेच दिसतात. पाणी कोमट. डेकल कापताना जास्तीची पारदर्शक कड जमेल तितकी काढ, पण छपाईला टेकू नकोस. चिमट्याने धरून दहा-पंधरा सेकंद पाण्यात, मग बाहेर काढून टिश्यूवर एक मिनिट ठेव. पाण्यातच तरंगू दिलं तर गोंद धुऊन जातो आणि डेकल नंतर कडेने उठतं. कागदावर बोटाने हलकेच सरकवून बघ, सरकलं तरच लावायला घ्यायचं.

मॉडेलवर त्या जागी मायक्रो सेट किंवा मार्क सेटरचा (डेकल चिकटायला मदत करणारं द्रव) एक थेंब पसरव. कागद जागेशी टेकव आणि ओल्या ब्रशने डेकल कागदावरून मॉडेलवर सरकव, उचलून ठेवू नकोस. जागा बरोबर झाली की ओलसर इअरबडने मधून बाहेर लोळवत पाणी काढ. घासायचं नाही, लोळवायचं.

पाच मिनिटांनी वरून मायक्रो सोल, हे डेकल मऊ करणारं द्रव. आता डेकल सुरकुतेल, वाळलेल्या पानासारखं दिसेल. हात लावायचा नाही. नवशिक्यांची निम्मी डेकल्स इथेच फाटतात, कारण सुरकुती दिसली की बोट जातंच. सोल डेकलला मऊ करतं. वीस मिनिटांत ते पॅनल लाइनच्या (पत्र्यांच्या जोडरेषांच्या) खाचांत उतरतं, सुरकुत्या आपोआप बसतात. पावसाळ्यात अर्धा तास धर. बुडबुडा राहिलाच तर इन्सुलिनच्या सुईने दोन टोचे आणि त्यावर सोलचा थेंब.

दुसऱ्या दिवशी ओल्या मऊ कापडाने सगळं मॉडेल पुसायचं. डेकलभोवती पिवळट कडं असतं, तो वाळलेला गोंद. तो न पुसता मॅट मारला तर कडं कायमचं झालं.

एक धोका: मार्क सॉफ्टर हे तसंच द्रव मायक्रो सोलपेक्षा कडक आहे. ग्लॉस पुरता वाळला नसेल तर तो खाली पांढरट चट्टा पाडतो. शीटवरचं एखादं नको असलेलं डेकल पंखाच्या खालच्या बाजूला लावून आधी बघायचं.

बाळा_किटवाला | बुधवार, सकाळी ७:४५

वाचनखूण साठवली. ताई, जुन्या शीटचं काय करायचं? पंधरा-वीस वर्षांचं किट आहे, डेकल पिवळं पडलंय आणि पाण्यात टाकलं की तुकडे होतील अशी भीती आहे.

सुलेखा_स्केल | बुधवार, सकाळी ९:१०

पिवळेपणा उन्हाने जातो. शीट झिपलॉक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायची, छपाईची बाजू उन्हाकडे. कडक ऊन असेल तर आठवडा-दोन आठवडे. पण जुलैत पुण्यात ऊन कुठून आणणार? हे काम ऑक्टोबरसाठी ठेव, बैठकीला दुसरं किट घेऊन ये.

तुकडे होतात का ते बघायला शीटवरच्या नको असलेल्या खुणेवर चाचणी घे. झाले तर संपूर्ण शीटवर मायक्रोस्केलची लिक्विड डेकल फिल्म एका हातात, एका दिशेने. वाळायला एक दिवस. त्यानंतर शीटवरची सगळी डेकल्स मिळून एकच अखंड पापुद्रा होतो, त्यामुळे प्रत्येक खूण कडेने बारकाईने कापावीच लागते.

राहिलेली शीट ठेवताना मधला झाकण-कागद काढू नकोस आणि पिशवीत सिलिका जेलची पुडी टाक. निळ्या दाण्यांची असेल तर गुलाबी झाली की दाणे बाहेर काढून जाड बुडाच्या तव्यावर मंद आचेवर परत निळे होईपर्यंत भाजायचे. जुना तवा घ्यायचा, तो परत पोळ्यांना वापरायचा नाही.

ओझरकर | बुधवार, रात्री १०:३०

मिगवर थोडं. हे विमान एचएएलने नाशिकजवळ ओझरला बांधलं, एफएल, एम आणि बिस हे तिन्ही प्रकार. त्यामुळे प्रकार कुठला ते ठरवल्याशिवाय किट उघडू नका. डबा बघताना चार गोष्टी: एफएलची पाठ बारीक, बिसची जाड. एफएलची कॅनोपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण) पुढच्या बाजूला उघडते, एम आणि बिसची उजव्या बाजूला. एफएलच्या पंखाखाली दोनच पायलॉन (शस्त्रं टांगायचे आधार), एम आणि बिसला चार. आणि एफएलच्या अंगात तोफ नाही, ती पोटाखालच्या जीपी-९ पॉडमध्ये. पॉड आणि मधली टाकी एकाच जागेवर बसतात, म्हणून दोन्ही एकदम लावली की जाणकार हसतात.

१९७१ करायचं असेल तर बिसचं किट चालत नाही. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर ज्यांनी ५७ मिमीची रॉकेट्स सोडली ते एफएल होते. सोळा रॉकेटचे दोन पॉड, पंखाखाली एकेक.

आता जुळवणी. मिगचे पंख सरळ नाहीत, दोन अंश खाली झुकलेले आहेत. विस्तार ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ मध्ये ९९ मिमी. फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) कडेपासून टोकापर्यंत साधारण ४१ मिमी धरले तर टोक मुळापेक्षा सव्वा ते दीड मिमी खाली यायला हवं. जाड पुठ्ठ्याचे दोन सारखे आधार कापा, पंखांची टोकं त्यांवर टेकवा, ग्राफ पेपरवर मधली रेघ जुळवा आणि मगच पातळ सिमेंट वाहू द्या. एका बाजूचं टोक अर्धा मिमी वर राहिलं तरी समोरून विमान वाकडं दिसतं, आणि रंगकाम कितीही सुरेख असलं तरी परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते. क्रम तोच असतो: आधी सरळपणा, मग शिवणी, मग रंग, मग डेकल्स. कॉकपिटमधली बटणं सगळ्यात शेवटी.

नाकातला शंकू दोन अर्धी जोडण्याआधी रंगवून घ्या. आणि फ्युजलाज चिकटवण्याआधी सगळे सुटे भाग टेपने जोडून, चाकांच्या जागी बोटं धरून तोल बघा. शेपटीवर बसतंय असं वाटलं तर नाकात मासेमारीचं शिसं, एपॉक्सीत. फेविक्विकने लावलेलं शिसं कधीतरी सुटतं आणि मग मॉडेल खुळखुळ्यासारखं वाजतं.

डबल_अॅक्शन | गुरुवार, सकाळी ८:०५

ओझरकर, १९७१ च्या रंगाचं? तेव्हाची विमानं आधी चकचकीत धातूची होती आणि हिरवा रंग घाईत चढवला, म्हणून उडालेल्या रंगाखाली अॅल्युमिनियम दिसायला हवं.

ओझरकर | गुरुवार, दुपारी १२:४०

हो. त्यासाठी हेअरस्प्रेची पद्धत सगळ्यात सोपी. खाली अॅल्युमिनियम लॅकर, एक दिवस वाळवून. त्यावर हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, पंधरा मिनिटं. मग हिरवा तामिया अॅक्रिलिक, पण एक्स-२०ए (तामियाचा अॅक्रिलिक थिनर) किंवा पाण्याने पातळ केलेला. लॅकर थिनरने पातळ केला तर तो हेअरस्प्रेला चावतो आणि मग काहीच उडत नाही. तासाभरात कोमट पाण्याने जागा ओली करून आखूड केसांच्या ताठ ब्रशने कडा टोचायच्या. पॅनलच्या कडा, पंखाची मुळं, शिडी लागते ती जागा. सगळीकडे सारखं उडवलं तर विमानाला खरूज झाल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात हेअरस्प्रे चिकट राहतो, तेव्हा हे बैठकीत करू नका.

रौंडेलचं (विमानावरच्या गोल राष्ट्रीय खुणेचं) एक: आपला केशरी बाहेर, पांढरा मध्ये, हिरवा आत. स्वस्त शीटवर केशरी रंग पातळ छापलेला असतो, गडद हिरव्या कॅमोफ्लाजवर लावला की विटकरी दिसतो. त्याच मापाचा पांढरा गोल आधी डेकलने किंवा मास्क कापून रंगाने घ्या, त्यावर रौंडेल.

निळी_शाई | गुरुवार, रात्री ८:५५

अवांतर: संग्रहालयातल्या विमानावरून रंगाची छटा घेऊ नका. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रातलं मरुत हे लढाऊ विमान किंवा चौकाचौकांत उभे असलेले मिग वर्षानुवर्षं उन्हापावसात असतात आणि मिळेल त्या रंगाने रंगवलेले असतात. त्यांचा उपयोग पॅनल, रिव्हेट, चाकांची विहीर, टायरची नक्षी यांचे फोटो काढायला. फोटोत एक पट्टी धरा, मापं नंतर काढता येतात.

कल्याण_फास्ट | शुक्रवार, सकाळी ६:५०

मुंबईकडून सकाळच्या इंद्रायणीने येणाऱ्यांसाठी: मॉडेल फोममध्ये दाबून आणू नका, फोम पिटो ट्यूब (नाकावरची वेगमापक नळी) आणि अँटेना मोडतो. झाकण घट्ट लागणारा प्लास्टिकचा डबा, तळाला कडक फोमची पाटी. चाकांच्या मागे-पुढे फोममध्ये दातकोरण्या रोवा आणि पंखांच्या मुळांवरून मऊ रिबिनीची सैल पट्टी दातकोरण्यांना बांधा. मॉडेल फक्त चाकांवर आणि मुळांवर धरलेलं राहतं, टोकांना काही लागत नाही. पिटो तर चिकटवूच नका. अर्धा मिमीची पितळी तार, नाकात तेवढंच भोक, बैठकीत आल्यावर खोचायची. १/४८ चा मिग असेल तर पंख १४९ मिमीचे, डबा किमान १८० रुंद घ्या.

शिवणकाम | शुक्रवार, दुपारी ३:३०

सामायिक टेबलावर बाटल्यांची अदलाबदल होते म्हणून सांगतो. व्हलेहोमध्ये अल्कोहोल किंवा तामियाचा थिनर पडला की रंगाचा चोथा होतो, दही फाटल्यासारखा, आणि तो एअरब्रशमध्ये असेल तर नोझल काढूनच साफ करावं लागतं. दुसऱ्याच्या एअरब्रशमध्ये रंग घालण्याआधी आत शेवटी काय होतं ते विचारा.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर एअरब्रशचे धातूचे भाग धुवायला ठीक, पण रबरी ओ-रिंग फुगवतो आणि मॉडेलवर एक थेंब पडला तर प्लास्टिक विरघळवतो. त्याची बाटली बूथजवळच्या टेबलावरच राहील. गॅरेजमधली लांबी वापरणाऱ्यांनी पातळ थर द्या, मध्ये वाळू द्या. जाड भरली की आकसते आणि दोन आठवड्यांनी शिवण परत वर येते. खोल फटीसाठी एमसील बरं, ते आकसत नाही. ओल्या बोटाने सपाट करून घ्यायचं, म्हणजे घासायला कमी उरतं.

घासणं ओलंच करा. वॉटर पेपर ४०० ने सुरुवात, मग ८०० आणि १२००. बोहरी आळीत सुटे कागद मिळतात. शेवटच्या चकाकीला तुळशीबागेतला नखं घासायचा चौकोनी ठोकळा घ्या, पारदर्शक कॅनोपीवरची शिवणसुद्धा त्याने जाते. रेझिनची कोरडी धूळ हॉलमध्ये उडवायची नाही. आणि एन९५ धुळीला चालतो, थिनरच्या वाफेला नाही. बूथवर बसणाऱ्याने सेंद्रिय वाफेच्या काडतुसाचा मास्क घालायचा, नसेल तर क्लबचा एक आहे.

नवशिका_७२ | शुक्रवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. व्हलेहोचा पहिला हात दिलाय. दुसऱ्याच्या मॉडेलला हात लावायचा असेल तर काय पद्धत आहे?

किटबाज | शुक्रवार, रात्री १०:००

आधी विचारायचं. परवानगी मिळाली तर तळाच्या पाटीने उचलायचं, मॉडेलला धरून नाही. मालकाने पाटी केली नसेल तर नुसतं बघायचं.

डबलभाऊंचा आकडा घेतोय: मापक ७० च्या खाली तर लॅकर, एका वेळी एकजण, एसी बंद आणि खिडक्या उघड्या. वर गेला तर अॅक्रिलिकच. मापक दमट_हवा आणतील, मिठाची चाचणी करून. मापक बूथच्या बाजूला ठेवायचा, एसीखाली नाही.

सुलेखाताईंचं टेबल खिडकीजवळ, नवशिका आणि बाळा त्यांच्याजवळ. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन मी आणतो. इअरबड कोणी आणत नाही आणि अकरा वाजता सगळे एकमेकांकडे मागतात, तेव्हा प्रत्येकी किमान वीस.

दमट_हवा | शनिवार, सकाळी ७:२०

मापक रात्रभर पिशवीत होता, सकाळी ७८ दाखवतोय. म्हणजे रविवारी वाचनातून तीन वजा करायचे. चिठ्ठी चिकटवली आहे त्याच्या पाठीवर.